फलक पुरे, आता पाण्याचा आकडा द्या

धरणाच्या दरवाजांवर, शहरालगतच्या नदीकाठावर आणि पात्रातल्या जीवजंतूंवर ज्यांचा अंमल चालतो त्या सर्व अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

पत्राला कारण एक फलक. आम्ही ज्या पुळणीवर जातो, तिच्या वाटेवर गेल्या महिन्यात तुम्ही तो नवा लावलात. पांढऱ्यावर लाल अक्षरं: ‘नदीपात्रात उतरण्यास व मुक्काम करण्यास सक्त मनाई आहे.’ खाली ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून ते नाही, कधीपासून ते नाही, आणि का ते तर नाहीच. शेजारी जुना फलक अजून उभा आहे. त्यावरही हेच लिहिलेलं असावं. अक्षरं गेली, खांब राहिला. परवा सुट्टीच्या दिवशी गेलो तेव्हा नव्या फलकाच्या खांबाला चार सायकली टेकवलेल्या होत्या आणि सायकलवाली मंडळी खाली वाळूत पसरली होती.

त्या मंडळींतलाच मी एक. वीसेक वर्षं झाली, पाणी ओसरलं आणि वाळू उघडी पडली की माझे पाय तिकडे वळतात. वाळूवर चटई टाकायची, पाण्यात पाय सोडून बसायचं, जमलं तर रात्री तंबू ठोकायचा. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, तिकीट नाही, दार नाही, कोणी ‘वेळ संपली’ म्हणून उठवत नाही अशी दुसरी जागा मला माहीत नाही. नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की कागद ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो, हा अनुभव घेऊन झाला आहे. वर धरण, खाली शहर आणि मधे वाळू असं जिथे जिथे आहे, तिथल्या सगळ्यांनी हे पत्र आपल्यालाच आलं आहे असं समजावं.

आधी वाळूबद्दल, कारण फलक लिहिणाऱ्याने ती पायाखाली घेतलेली नसावी अशी मला शंका आहे.

वाळूचं बेट लांबून जमीन वाटतं, पण ते नदीचं ओझं आहे. ती दमली तिथे तिने खाली ठेवलेलं. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाने धावतं, आतल्या अंगाला मंदावतं आणि सोबत आणलेली वाळू तिथे टाकतं. पात्र रुंद झालं, एखादं उन्मळलेलं झाड आडवं पडलं, उपनदी येऊन मिळाली, की मधोमधही ढीग साचतो. बेटाच्या वरच्या टोकाला गोटे आणि जाड रेती, खालच्या टोकाला पिठासारखी मऊ वाळू. डोळे मिटून चाललात तरी पायाला कळतं की आपण कुठल्या टोकाला आहोत. बसायला साहजिकच सगळे मऊ टोकाला जातात, आणि नेमकी तिथेच वाळू पाण्याखाली एकदम संपते. घोटाभर पाण्यात खेळणारं पोर एक पाऊल पुढे टाकतं आणि डोक्यावरून पाणी जातं. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. फक्त पाण्याचा रंग हातभर अंतरात हिरव्याचा काळा होतो. ज्या पात्रातून वाळू उपसली गेली आहे तिथे तर खड्डा कुठे असेल याला नियमच राहत नाही. तुमच्या फलकात यातलं काही आहे का? ‘सक्त मनाई’ वाचून पोराला कळायचं काय?

अमेरिकेत मॅडिसन शहराजवळून वाहणारी विस्कॉन्सिन नदी आहे. प्रेअरी द्यू सॅक इथल्या शेवटच्या धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंतचा सुमारे १४८ किलोमीटरचा टप्पा १९८९ पासून राखीव आहे. उन्हाळ्यात शहरातले लोक होड्या घेऊन येतात आणि सरकारी मालकीच्या वाळूच्या बेटांवर मुक्काम करतात. तीन दिवसांपर्यंत राहायला परवाना लागत नाही. काचेची बाटली किंवा बरणी मात्र पाण्यावर आणि बेटांवर न्यायची नाही, हा साधा, पाळता येण्याजोगा नियम. आणि बेटाच्या खालच्या कडेला वाळू अचानक तुटते, तिथे जपा, हे तिथलं खातं लोकांना सांगत असतं. तीच वाळू, तोच धोका. तिथे धोका कुठे आहे ते सांगतात, इथे नुसतं ‘येऊ नका’ म्हणतात.

आता माझी गोष्ट सांगतो. तक्रार म्हणून वाचलीत तरी हरकत नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण मधल्या बेटावर मुक्कामाला होतो, त्यात माझी नऊ वर्षांची पुतणी. बेटावर जायला एक उथळ धार ओलांडावी लागे, घोट्याएवढी, गोट्यांवरून खळखळणारी. सकाळी निघण्यापूर्वी मी एका कार्यालयात फोन करून विचारलं होतं, आज पाणी सोडणार आहात का. ‘आज तसं काही नाही’ असं उत्तर मिळालं. संध्याकाळी सवयीप्रमाणे पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवली. ही सवय एका नावाड्याने लावलेली. तो म्हणायचा, नदीला डोळ्याने ओळखू नकोस, काडीने ओळख. अंधार पडेपर्यंत काडी कोरडी होती. झोपलो.

रात्री दीडच्या सुमाराला जाग आली. कशाने आली ते क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, आवाज थांबला होता. संध्याकाळभर ज्या धारेची खळखळ ऐकत झोपलो ती गप्प होती. पाणी आटलं की काय, असं आधी वाटलं. बॅटरी मारली तर काडी दिसेना. पुढे चार पावलं पाण्यात ती होती, नुसतं टोक वर, त्याला फेस आणि वाळलेली पानं अडकलेली. खळखळ थांबली होती कारण ज्या गोट्यांवरून पाणी आपटत होतं ते गोटे बुडाले होते. वाढणारी नदी गर्जत येते ही गोष्टीतली कल्पना. बऱ्याचदा ती आधी गप्प होते. हे मला त्या रात्री कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी सांगतो.

तंबू तसाच टाकला. पुतणीला खांद्यावर घेतलं, बाकीच्यांनी एकमेकांची मनगटं धरली (पंजे नाही, मनगटं, ओले पंजे सुटतात) आणि घोट्याची धार मांडीएवढ्या पाण्यातून ओलांडली. आणखी अर्ध्या तासाने ती ओलांडता आली नसती. काठावर पोचल्यावर पोरगी म्हणाली, ‘काका, माझी चप्पल राहिली.’ आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. सकाळी बेट एका खाटेएवढं उरलं होतं आणि तंबूचा पत्ता नव्हता.

दोन दिवसांनी मी त्याच कार्यालयात गेलो. वरच्या धरणातून पाणी दुपारी चारला सोडलं होतं. ‘संबंधितांना कळवलं होतं’ असं सांगण्यात आलं. मी विचारलं, संबंधित म्हणजे कोण? खालची कार्यालयं, चौक्या, पंपघर. वाळूवर झोपलेला माणूस त्या यादीत नव्हता. ज्याच्या अंथरुणाखालून पाणी जाणार तो संबंधित नाही, आणि ज्याच्या टेबलावर कागद जाणार तो संबंधित. फोनवर ज्यांनी ‘काही नाही’ म्हटलं त्यांचाही मला राग नाही. सकाळी खरंच काही नसेल. दुपारी ठरलं असेल. पण दुपारी ठरलेलं आम्हाला कळायला कुठलीच वाट नव्हती, आणि आजही नाही. नवा फलक आला. ती वाट आली नाही.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. सोडलेल्या पाण्याला चालायला वेळ लागतो. पात्राचा उतार, रुंदी, आधीचं पाणी यांवर ते अवलंबून असतं, पण सपाटीवरच्या नदीत पाण्याची लाट ताशी पाचेक किलोमीटरने सरकते असं धरलं तर चाळीस किलोमीटर खालच्या माणसापर्यंत पोचायला तिला आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारचं पाणी मध्यरात्री येतं. धरणावर ऊन असताना, सगळं नीट पाहून, नियमाप्रमाणे भोंगा वाजवून दरवाजा उघडला तरी तो भोंगा ऐकणारा तिथे कोणी नसतो. आणि ज्याने ऐकायला हवा तो चाळीस किलोमीटर खाली संध्याकाळचा वारा खात असतो. उलटा विचार केला तर हीच केवढी मोठी सोय आहे बघा. भूकंप सांगून येत नाही. हे पाणी आठ तास आधी सांगून येऊ शकतं. सांगणारे फक्त तुम्ही आहात.

आकडाही असा द्या की कळेल. ‘इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू’ ही बातमी वाचून सामान्य माणूस पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. हे ऐकूनही वाळूवरच्या माणसाला काय करायचं ते समजत नाही. त्याला हवं असतं एवढंच: हे पाणी अमुक पुलाखाली किती वाजता पोचेल आणि तिथली पातळी किती फूट चढेल. हे गणित तुमच्याकडे असतंच. पुराच्या दिवसांत तुम्ही ते दर तासाला करता. कोरड्या दिवसांतही करा. वाळूवर माणसं कोरड्या दिवसांतच असतात, भर पावसात कोण येतंय तंबू घेऊन?

ही भीती माझ्या एका रात्रीपुरती नाही. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातल्या थलौटजवळ, सहलीला आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर फोटो काढायला उतरले होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक जण वाहून गेला. ढग नव्हते, पूर नव्हता. खडकावर उभ्या असलेल्या मुलांना पाणी चढताना दिसलं आणि पाय काढायला वेळ उरला नाही. डोंगरातल्या नदीत धरण जवळ असतं, तिथे आठ तास नसतात, आठ मिनिटंही नसतात. तिथे भोंगा आणि माणूसच हवा. सपाटीवर वेळ असतो. दोन्हीकडे एकच पत्र्याचा फलक लावून कसं भागेल?

अमेरिकेतल्याच कोलोरॅडो नदीचं उदाहरण मला फार आवडतं. १९६३ मध्ये ग्लेन कॅनियन धरणाने पाणी अडवायला सुरुवात केली आणि खालच्या ग्रँड कॅनियनमधल्या वाळूच्या पुळणी झिजू लागल्या. कारण सरळ आहे. वाळू धरणात अडकते, खाली निघतं ते नितळ पाणी, आणि नितळ पाणी भुकेलं असतं. ते मिळेल तिथली वाळू खरवडून नेतं. शिवाय विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दिवसातून चढतं-उतरतं, त्याने कडा ढासळतात. होडीतून येणाऱ्यांना रात्रीच्या मुक्कामाला जागा उरेना, तिथल्या माशांचे आडोसे गेले. मग त्यांनी काय केलं? २६ मार्च १९९६ पासून सात दिवस धरणातून मुद्दाम ४५,००० क्युसेक पाणी सोडलं, तळाची वाळू उचलून पुन्हा काठावर टाकायला. पुढे तसे आणखी पूर सोडले गेले. वाळू टिकवायला धरणाच्या चाव्या फिरवणं हे कुठल्या तरी खात्याला आपलं काम वाटलं, याचंच मला अप्रूप वाटतं. आणि धरणातून कोणत्या तासाला किती पाणी सुटेल याचे अंदाज तिथे आधी जाहीर होतात. त्यामुळे होडीवाले संध्याकाळी होड्या कुठे आणि किती उंच बांधायच्या ते हिशेब करून ठरवतात.

तुम्ही म्हणाल, तुम्ही लोक तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? नाहीच. हे पत्र खुलं आहे, ते आमच्यातलेही वाचणार, म्हणून आमचंही बोलतो.

सगळ्यात आधी निखारे. शेकोटी झाली की आमचे शहाणे लोक वर वाळू ओढतात आणि ‘विझली’ म्हणून निघतात. वाळू निखारा विझवत नाही, झाकून ठेवते. आतली धग तासन्‌तास राहते. एकदा सकाळी शेजारच्या बेटावर मी एक बाई पाहिली, लहान मुलाला पोटाशी धरून त्याचे दोन्ही पाय पाण्यात बुडवून बसली होती. मूल रडून रडून थकलेलं. रात्री कोणी तरी झाकून गेलेल्या शेकोटीवर ते पळत गेलं होतं. वरून वाळू अगदी सपाट होती, त्यावर कोणी बोटाने नाव लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी शेकोटी करत नाही, आणि करणाऱ्याला पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओतून, वर उलटा तळवा धरून पाहायला लावतो. लोक मला कटकट्या म्हणतात. म्हणोत. कोलोरॅडोवर तर शेकोटी लोखंडी परातीतच करावी लागते आणि राख परत न्यावी लागते.

दुसरी गोष्ट बोलायला संकोचाची आहे, पण तिच्यापायीच बंदी येते. रानात शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर जावं असा सर्वमान्य संकेत आहे. वाळूच्या बेटावर साठ मीटर जायचं म्हटलं तर माणूस पलीकडच्या पाण्यात पोचतो! मग खड्डा करून वर वाळू, आणि आपण सुटलो असं वाटतं. माती जसं पचवते तसं वाळू पचवत नाही, आणि ओलसर वाळूत ते जंतू वाहत्या पाण्यापेक्षा जास्त दिवस तग धरतात. त्याच वाळूत दुसऱ्या दिवशी पोरं किल्ले करतात. ग्रँड कॅनियनमध्ये मैला डब्यात भरून सोबत न्यावा लागतो, आणि लघवी मात्र थेट नदीत करायला सांगतात, वाळूवर नाही. ऐकायला विचित्र, पण तिथे पाणी प्रचंड आणि वाळू मोजकी, म्हणून हिशेब उलटा. छोट्या, आटलेल्या धारेला तो लागू होणार नाही. नदीनदीचा नियम वेगळा असतो आणि तो नदी पाहूनच लिहावा लागतो. गंगेवर कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या तंबूंना डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मनाई केली, ती नियमांशिवाय वाढलेल्या पसाऱ्यामुळे. तो निकाल वाचताना मला आमच्याच लोकांचा राग आला होता, लवादाचा नाही.

काच, गाण्यांचे डबे, पात्रात धुतलेल्या गाड्या, यांबद्दल जास्त लिहीत नाही. दंड करा. पावती फाडा. आम्ही टाळ्या वाजवू.

आणि एका बंदीच्या बाजूने मी स्वतः उभा आहे. पाणी उतरल्यावर वाळूची बेटं उघडी पडतात तीच पाखरांच्या विणीची वेळ. नदीसुरय, पाणचिरा, कंठेरी चिखल्या ही मंडळी घरटं बांधत नाहीत. वाळूत एक उथळ खळगा, बस्स. अंडी वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. मी एकदा एका अंड्यापासून वीतभर अंतरावर पाऊल ठेवलं आणि तिथेच थिजलो; दिसलं ते डोळ्यांना नाही, वरून सुरय डोक्याला चोच मारायला आली म्हणून खाली पाहिलं. त्यापुढे मला कळेना पाय कुठे ठेवू. आलो त्याच ठशांवरून मागे मागे गेलो. लांब जाऊन बसलो तेव्हा दिसलं, मादी पाण्यावर टेकून पोट भिजवून येत होती आणि अंड्यांवर बसत होती. दुपारची वाळू इतकी तापते की ऊब देण्यापेक्षा थंड ठेवणं हेच तिचं काम असतं. आपण वीस पावलांवर छत्री उघडून बसलो की ती उठते आणि तासाभरात अंडी शिजतात. आपण पाखराला हातही लावलेला नसतो, उलट ‘किती छान ओरडतायत’ म्हणत असतो.

पाणचिरा जगभरच्या धोक्यातल्या पाखरांच्या यादीत २०२० पासून ‘संकटग्रस्त’ (एन्डेंजर्ड) या गटात आहे. चंबळेच्या ज्या वाळूत तो वितो तिथेच मार्च-एप्रिलमध्ये घडियालची, म्हणजे लांब तोंडाच्या सुसरीची, मादी खड्डा करून अंडी घालते. तिथे आणखी एक गंमत, म्हणजे दुःखाची गंमत: वरून पाणी कमी झालं की बेटाभोवतीची धार आटते, बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-कोल्ही चालत जाऊन अंडी खातात. म्हणजे तुमच्या दरवाजातून जास्त पाणी आलं तर अंडी वाहून जातात आणि फार कमी आलं तरी जातात. अमेरिकेत मिसूरी नदीवर धरणांनी बेटंच बुडवली, तेव्हा १९८५ साली तिथल्या छोट्या सुरयीला संरक्षित यादीत घालावं लागलं आणि लष्कराच्या अभियंत्यांना यंत्रं लावून वाळूची बेटं रचावी लागली. २०२१ मध्ये ती यादीतून बाहेर आली. तेव्हा विणीच्या महिन्यांत एखाद-दुसरं बेट दोरी लावून बंद करा. कुठलं, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणासाठी ते लिहा. ‘इथे अंडी आहेत’ हे तीन शब्द ‘सक्त मनाई’पेक्षा जास्त लोक पाळतील. दोरी ओलांडणाऱ्याला आम्हीच मागे ओढू. तुमचा पहारेकरी तिथे रात्री नसतो, आम्ही असतो.

हे शेवटचं तुम्ही मनावर घ्यावं असं मला वाटतं. सरसकट बंदी घातली की माणसं यायची थांबत नाहीत, आडवाटेने जातात. पुलाजवळच्या, मोबाइलला रेंज असलेल्या, काठ उतरता असलेल्या बेटावरून उठतात आणि दोन वळणं पुढे, उभ्या दरडीखालच्या बेटावर जातात, कारण तिथे कोणी हटकत नाही. तंबू दिसू नये म्हणून दिवा लावत नाहीत. अडकले तर लवकर फोन करत नाहीत, आधी आपण इथे आहोत हे कबूल कसं करायचं याचा विचार करतात. मी स्वतः केला आहे. त्या रात्री काठावर आल्यावर मदतीला फोन करावा की नको यावर आमची पाच मिनिटं कुजबुज झाली होती. पलीकडच्या बेटावर आणखी कोणी असेल, निदान त्यांच्यासाठी करू या, असं म्हणून शेवटी केला. त्या बेटावर सुदैवाने कोणी नव्हतं.

म्युनिक शहराच्या मधून इझार नदी वाहते. तिचे काठ काँक्रीटने बांधून तिचा कालवा झाला होता. २००० ते २०११ या काळात शहराच्या हद्दीतल्या आठ किलोमीटरवरचं ते बांधकाम बरंचसं काढून नदीला पुन्हा पसरू दिलं, गोट्यांचे पट्टे परत आले. त्याचं मुख्य निमित्त पुरापासून संरक्षण हे होतं. रुंद पात्रात जास्त पाणी मावतं. आता उन्हाळ्यात लोक त्या गोट्यांवर लोळत असतात. चूल पेटवायला ठरावीक जागा आहेत, बाकी ठिकाणी नाही. पोहता यावं म्हणून वरच्या गावांच्या सांडपाणी केंद्रांत अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करण्याची सोय केली. शहरातल्या माणसाने पाण्यात पाय घालायचे म्हणून वरच्या गावात यंत्र बसवलं! मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या गंजक्या खांबाची आठवण आली आणि थोडं हसूही आलं.

एवढं सगळं लगेच करा असं नाही म्हणत. माझं मागणं फार स्वस्त आहे. पाणी वाढवायचं ठरलं की त्याच घटकेला एक संदेश निघावा, आणि त्यात तीनच गोष्टी असाव्यात: किती वाजता निघालं, अमुक-तमुक पुलापाशी किती वाजता पोचेल, किती फूट चढेल. तो मोबाइलवर यावा, आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी पुळणीच्या तोंडाशी असलेल्या पाटीवर कोणी तरी खडूने लिहावा. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवाव्यात, म्हणजे अडाण्यालाही चढ दिसेल. मुक्कामाला काठाला जोडलेल्या दोन-तीन पुळणी मोकळ्या ठेवाव्यात, मधली बेटं रात्रीची बंद असली तरी चालतील. त्या रात्रीनंतर मी मधल्या बेटावर झोपलेलो नाही. भोंगा धरणावर आहे तसा एक खालीही हवा, जिथे माणसं असतात तिथे. आणि फोनवर विचारलं तर ‘आज काही नाही’च्या ऐवजी ‘आत्तापर्यंत काही नाही, चार वाजता पुन्हा विचारा’ असं उत्तर मिळावं. या एका वाक्याने आमचा तंबू वाचला असता.

तुमच्यातल्या कोणाला यायचं असेल तर या रविवारी संध्याकाळी मी त्याच पुळणीवर आहे, काठाला जोडलेल्या बाजूला. काडी रोवून ठेवतो. आणि हो, तुमच्या नव्या फलकाची मागची बाजू पूर्ण कोरी आहे आणि ती नदीकडे तोंड करून आहे. पाण्याचा आकडा लिहायला तेवढी जागा पुरेल. खडू मी आणतो, आकडा तुम्ही आणा.

आपला,
वाळूवरचा एक जण